एलपीच्या जमान्यातले अल्बम सीडीवर जमवताना: योग्य रिमास्टर कसा निवडावा, ओळखावा, तपासावा आणि जपावा

एकाच एलपीच्या दहा-बारा सीड्या बाजारात फिरत असतात. मुखपृष्ठ तेच, गाणी तीच, क्रम तोच. तरीही एका सीडीवर झांजेचा नाद शेवटपर्यंत विरत जातो आणि दुसरीवर तो मध्येच मरतो. हा फरक सोनेरी मुलाम्यामुळे पडत नाही आणि 'डिजिटली रिमास्टर्ड' या स्टिकरमुळेही नाही. टेप कोणती वापरली, ती कोणत्या यंत्रावर वाजवली आणि नंतर तिच्यावर काय काय प्रक्रिया केली, यावर तो ठरतो. म्हणून संग्रह करणाऱ्याने अल्बमची नावं गोळा करण्यापेक्षा मास्टरिंग गोळा करावीत. ते मास्टरिंग ओळखायचं कसं आणि सीडी हाती आल्यावर पडताळायचं कसं, हे इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरणं जॅझ आणि रॉकमधली आहेत, कारण पुनर्प्रकाशनांचा सुकाळ तिथे आहे आणि गोंधळही तिथेच जास्त आहे.

आधी तीन शब्द वेगळे करा

रीइश्यू म्हणजे पुन्हा बाजारात आणलेली आवृत्ती. आतला आवाज जुनाच असू शकतो. रिमास्टर म्हणजे तयार झालेली दोन चॅनेलची (किंवा एकाच चॅनेलची, म्हणजे मोनो) टेप पुन्हा वाजवून केलेलं नवं डिजिटल रूपांतर. त्यात पातळी, इक्वलायझेशन (खर्ज आणि तार यांचा तोल) आणि गाण्यांमधल्या मोकळ्या जागा नव्याने ठरतात. रीमिक्स ही याहून मोठी गोष्ट आहे. त्यात वाद्यं आणि आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर असलेल्या मूळ मल्टिट्रॅक टेपवर परत जाऊन ढोल किती, आवाज किती, कोण डावीकडे, कोण उजवीकडे हे सगळं पुन्हा मांडतात.

हा भेद न कळल्याने काय होतं, ते बीटल्सच्या सीड्यांवरून नीट समजतं. १९८७ साली त्यांचे अल्बम पहिल्यांदा सीडीवर आले तेव्हा पहिले चार फक्त मोनोत होते, आणि 'हेल्प!' व 'रबर सोल' यांचं स्टिरिओ मिक्सिंग त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी नव्याने केलं होतं. ९ सप्टेंबर २००९ ला सगळ्या अल्बमची रिमास्टर आवृत्ती आली, पण स्टिरिओ संचात या दोन अल्बमसाठी मार्टिन यांचं तेच नवं मिक्स कायम राहिलं. १९६५ चं मूळ स्टिरिओ मिक्स हवं असेल तर ते मिळतं मोनो संचात, जादा भर म्हणून. नुसतं 'स्टिरिओ' वाचून घेणाऱ्याच्या हे लक्षात येणं शक्य नाही. पुढे २०१७ मध्ये 'सार्जंट पेपर्स'ची जी आवृत्ती आली ती त्यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी केलेली रीमिक्स आहे. ती चांगली आहे, पण १९६७ च्या एलपीवरचा आवाज ती नाही. ज्याला एलपीचाच आवाज हवा त्याने पुस्तिकेत 'रीमिक्स्ड' हा शब्द आधी शोधावा.

मोनो की स्टिरिओ हाही प्रश्न दर अल्बमला नव्याने विचारावा. साठच्या दशकात दोन्ही मिक्स वेगवेगळी होत आणि त्यांत बारीक फरक राहत. 'शीज लीव्हिंग होम' हे गाणं मोनोत स्टिरिओपेक्षा जलद आणि चढ्या सुरात आहे.

कोणत्या काळातल्या सीडीकडून काय अपेक्षा ठेवावी

१ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये सीडी विक्रीला आली. तिचं माप तेव्हापासून बदललेलं नाही: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. बदलत गेली ती आत भरायची पद्धत.

१९८२ ते साधारण १९९० या काळात कंपन्यांना जुने अल्बम घाईने सीडीवर आणायचे होते. कपाटात जी टेप हाताला लागली ती चढवली गेली. कित्येकदा ती एलपी कापण्यासाठी तयार केलेली प्रत असे. एलपीच्या खोबणीत सुई नीट चालावी म्हणून तिचा खर्ज आवरलेला आणि तार भाग मर्यादित केलेला असे, शिवाय मूळ टेपपासून ती एक-दोन पिढ्या लांबची. हा या काळाचा दोष. गुण असा की आवाज कृत्रिमरीत्या मोठा करायची टूम अजून आली नव्हती. म्हणून जिथे टेप चांगली मिळाली तिथे त्या जुन्या, शांत सीड्या आजही बाजी मारतात, आणि पश्चिम जर्मनीत किंवा जपानमध्ये छापलेल्या पहिल्या सीड्यांना मागणी आहे ती याच कारणाने.

१९९० नंतर मूळ टेप शोधण्याची मेहनत सुरू झाली आणि २० व २४ बिटची रूपांतरयंत्रं आली. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जिमी पेज यांनी मास्टरिंग इंजिनिअर जॉर्ज मारिनो यांच्यासोबत केलेलं काम याच वेळचं, आणि त्याच अल्बमचं जॉन डेव्हिस यांनी २०१४-१५ मध्ये पुन्हा मास्टरिंग केलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्ल्यू नोट या जॅझ कंपनीने रूडी व्हॅन गेल्डर यांना त्यांनीच ध्वनिमुद्रित केलेले अल्बम मास्टर करायला दिले. मूळ इंजिनिअरचं नाव असलं की शंका घ्यायची नाही, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण चाळीस वर्षांनंतर माणसाची आवड बदललेली असते. त्या आवृत्त्या अनेकांना मूळ एलपीपेक्षा जास्त पुढे आलेल्या आणि टोकदार वाटतात. नाव वाचा, पण निर्णय कानावर ठेवा.

१९९५ च्या आसपास आवाज मोठा करण्याची चढाओढ लागली आणि पुढची पंधरा वर्षं ती जोरात होती. लिमिटर लावून शिखरं दाबायची आणि मग सगळंच वर उचलायचं, ही तिची रीत. दुकानात ऐकताना अशी सीडी उठून दिसते, घरी अर्ध्या तासात कान थकतात. 'रिमास्टर' या शब्दाची बदनामी झाली ती याच काळात. पण सरसकट सगळं टाकाऊ समजू नका. बीटल्सच्या २००९ च्या स्टिरिओ संचात लिमिटर थोडा वापरला आहे, मोनो संचात मुळीच नाही. एकाच वर्षी, एकाच स्टुडिओतून दोन वेगळी धोरणं निघू शकतात.

एक अल्बम मुळापासून: 'काइंड ऑफ ब्ल्यू'

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा हा अल्बम २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी कोलंबिया कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत तीन ट्रॅकच्या टेपवर मुद्रित झाला. पहिल्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित सावकाश चालत होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की संगीत थोडं जलद आणि चढ्या सुरात येतं. एलपीच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी त्या दिवशीची, म्हणून ती तिन्ही चढी. दुसरी बाजू बरोबर. ही चूक दशकानुदशकं सगळ्या एलपींवर आणि १९८० च्या दशकातल्या सीड्यांवरही तशीच राहिली. त्या दिवशी सोबत चालू असलेल्या दुसऱ्या यंत्रावरची सुरक्षा-प्रत बरोबर वेगाची होती. ती वापरून १९९२ ची सोनेरी 'मास्टरसाउंड' सीडी निघाली आणि वेग पहिल्यांदा दुरुस्त झाला. १९९७ मध्ये मार्क वाइल्डर यांनी तीन ट्रॅकच्या टेपवरून पुन्हा मिक्स केलं. ही सीडी, क्रमांक सीके ६४९३५, सहज मिळते आणि तिच्यात 'फ्लेमेंको स्केचेस'चं दुसरं वादनही आहे. १९८७ ची सीके ४०५७९ मात्र जुन्या, चुकीच्या वेगाची आहे. मुखपृष्ठ दोन्हींवर तेच असल्याने जुन्या मालाच्या ढिगात या दोघींची अदलाबदल सर्रास होते.

हातात आलेली सीडी कोणती हे पडताळायला मोबाइलवरचा ट्यूनर पुरतो. 'सो व्हॉट'चा मुख्य भाग पांढरी दोनवर, म्हणजे पाश्चात्त्य 'डी' स्वरावर उभा आहे. डबल बास त्या स्वरावर येतो तेव्हा काटा मध्यावर थांबला तर वेग दुरुस्त केलेला आहे. काटा सतत चढ्या बाजूला राहिला तर ती जुनी आवृत्ती. सुरात असलेली हार्मोनियम जवळ असेल तर कानानेही कळतं. मोनो मिक्स हवं असेल तर ते २०१३ च्या मोनो संचात आहे.

एका अल्बमची अशी कुंडली मांडायला दोन-तीन संध्याकाळ जातात. पण मांडल्याशिवाय पैसे घालवू नका. प्रत्येक वेळी चार गोष्टी शोधायच्या: मूळ टेप आज कोणत्या अवस्थेत आहे, मोनो आणि स्टिरिओ वेगवेगळी मिक्स आहेत का, वेगाची किंवा चॅनेल उलटे होण्याची कुठली ज्ञात चूक आहे का, आणि आजवर कोणाकोणाचं मास्टरिंग निघालं. टेपच्या अवस्थेला विशेष महत्त्व आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या काही टेपांचा डिंक हवेतली ओल शोषून चिकट होतो आणि यंत्रात टेप सुटेनाशी होते. मग ती साधारण ५४ अंश सेल्सिअसला काही तास मंद तापवून, काही दिवसांच्या अवधीत उतरवून घ्यावी लागते. अशा अल्बमच्या बाबतीत टेप धडधाकट असतानाची जुनी सीडी कधी कधी नव्यापेक्षा सरस निघते.

सीडीची ओळख तिच्या आतल्या कड्यावर असते

मुखपृष्ठ, बारकोड आणि क्रमांक यांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. एकाच क्रमांकाखाली कंपन्या मधल्या काळात न सांगता मास्टरिंग बदलतात, जुन्या केसमध्ये नवी डिस्क येते, आणि विक्रेतेही तुटलेल्या केस बदलताना पुस्तिका अदलाबदल करतात. खात्रीची ओळख चमकत्या बाजूला, मधल्या भोकाभोवतीच्या आरशासारख्या कड्यावर कोरलेली असते. तिला मॅट्रिक्स म्हणतात.

वाचण्याची रीत सोपी आहे. डिस्क कडांनी धरा, टेबललॅम्पखाली तिरकी करा, आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग किंवा मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा वापरा. अक्षरं गोल फिरलेली असतात, सगळी उतरवून घ्या. त्यात बहुधा क्रमांक, मास्टरची आवृत्ती आणि कारखान्याची खूण असते. 'डीएडीसी' दिसलं तर सोनीचा कारखाना. 'पीडीओ' म्हणजे फिलिप्स आणि ड्युपाँ यांचा. 'मेड इन वेस्ट जर्मनी' हे शब्द लेबलवर असले तर ते लेबल १९९० पूर्वी तयार झालेलं असण्याची शक्यता मोठी. 'आयएफपीआय' या अक्षरांनी सुरू होणारे दोन बारीक संकेत १९९४ पासून येऊ लागले, एक मॅट्रिक्सच्या पट्टीवर आणि दुसरा भोकाजवळच्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये. विक्रेता १९८६ ची पहिली छपाई म्हणून जास्त पैसे मागत असेल आणि डिस्कवर आयएफपीआय संकेत असेल, तर ती पहिली छपाई नव्हे. एवढ्या एका तपासणीने मोठा खर्च वाचतो.

केसच्या मागच्या बाजूला एएडी, एडीडी, डीडीडी अशी तीन अक्षरं असतात. ध्वनिमुद्रण, मिक्सिंग आणि मास्टरिंग अनुक्रमे अ‍ॅनालॉग होतं की डिजिटल एवढंच ती सांगतात. दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

कशासाठी जास्त पैसे द्यावेत आणि कशासाठी नाही

एसएचएम-सीडी आणि ब्ल्यू-स्पेक सीडी या जपानी प्रकारांत प्लास्टिक किंवा कापणी सुधारलेली असते. पण त्याच मास्टरिंगच्या साध्या सीडीवर जे आकडे असतात तेच तिथेही असतात, आणि नीट वाचल्या गेलेल्या आकड्यांतून आवाज तोच निघतो. या सीड्या घ्याव्यात त्या जपानमध्ये वेगळं, शांत मास्टरिंग वापरलं असेल तेव्हा, किंवा कव्हरासाठी. मूळ एलपीची हुबेहूब छोटी प्रतिकृती असलेली कागदी कव्हरं आणि कण्याभोवतीची कागदी पट्टी, जिला 'ओबी' म्हणतात, हा त्यांचा खरा मोह आहे आणि तो अगदी योग्य मोह आहे. पट्टी हरवलेली असेल तर मात्र किंमत बरीच कमी व्हायला हवी.

सोनेरी सीडीचं सोनं गंजत नाही, हा टिकाऊपणाचा मुद्दा खरा. आवाज मात्र मास्टरिंगचा. डीसीसी या पुनर्प्रकाशन कंपनीच्या सोनेरी सीड्यांना आज किंमत आहे ती मास्टरिंग इंजिनिअर स्टीव्ह हॉफमन यांच्या कामामुळे.

हायब्रिड एसएसीडीत (सुपर ऑडिओ सीडी) दोन थर असतात, एक साध्या सीडीचा आणि दुसरा जास्त तपशिलाचा, आणि साध्या प्लेयरवर फक्त सीडीचा थर वाजतो. दोन्ही थरांवर एकच मास्टरिंग असेल असं धरू नका. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या २००३ च्या हायब्रिडमध्ये सीडीचा थर एसएसीडीच्या थरापेक्षा स्पष्टपणे जास्त दाबलेला आहे. घरी एसएसीडी प्लेयर नसेल तर ही आवृत्ती घेऊन हाती त्यातला कमअस्सल भागच लागतो.

युरोपातल्या स्वस्त जॅझ संचांपासून जपून. १९६३ पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं युरोपीय संघात हक्कमुक्त झाली, त्यामुळे मूळ टेपपर्यंत न पोहोचलेल्या कंपन्याही ती कायदेशीरपणे छापतात. आतला आवाज बहुधा दुसऱ्याच्या सीडीवरून किंवा एलपीवरून घेतलेला आणि वर खरखर काढणारं सॉफ्टवेअर चालवलेला असतो. एलपीवरून घेतल्याच्या खुणा अशा: प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात तार स्वर फाटतात, खाली मंद घरघर असते, आवाज विरताना बारीक तडतड ऐकू येते. खरखर जास्त काढल्याच्या खुणा उलट्या: गाण्याआधीची शांतता अगदी पोकळ, झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या, पियानोचा स्वर सोडल्यावर खोलीचा गुंजारव गायब. टेपची सळसळ हा दोष नव्हे. ती गाण्याच्या शेवटपर्यंत एकसारखी ऐकू आली तर टेप नीट उतरवली आहे, असं समजा.

भारतात छापलेल्या आंतरराष्ट्रीय सीड्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. त्यांवर बहुधा त्या वर्षीचं चालू मास्टरिंगच असतं, पुस्तिका मात्र कापलेली असू शकते. ऐकण्यासाठी या उत्तम. आधी या घ्या, तपासा, आणि मगच ठरवा की त्याच मास्टरिंगची परदेशी प्रत हवी आहे का.

परदेशातून मागवताना

विक्रेत्याला चार गोष्टी लेखी विचाराव्यात: मॅट्रिक्सवरची पूर्ण अक्षरं, डिस्कच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पुस्तिकेची पानं पूर्ण आहेत का, आणि उजेडासमोर धरल्यावर डिस्कमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात का. चमकत्या बाजूला हिरवट किंवा निळसर झाक असेल तर ती घरी लिहिलेली सीडी-आर असण्याची दाट शक्यता. पुस्तिकेवरची बारीक अक्षरं पुसट आणि छायाचित्रांत ठिपक्यांवर ठिपके दिसले तर ती प्रतीची प्रत.

डिस्क केसमधून काढून मऊ पाकिटात घालून, केसच्या बाजूला ठेवून पाठवायला सांगा. टपालात केसचे मधले दात तुटतात आणि त्यांचे तुकडे पूर्ण प्रवासभर डिस्कवर घासत राहतात. केस बदलता येते, डिस्क नाही. सीमाशुल्क हे वस्तूची किंमत, टपाल आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागतं, म्हणून चालू दर पाहून हिशेब करा. एकेक सीडी मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून चार-पाच घेतल्या तर टपालखर्च वाटला जातो.

घरी आल्यावरची तपासणी

यासाठी यूएसबी सीडी ड्राइव्ह आणि एक संगणक लागतो. 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा मोफत प्रोग्रॅम घ्या, सुरक्षित वाचनाचा पर्याय निवडा, आणि ड्राइव्हचा ऑफसेट (वाचनाच्या सुरुवातीत पडणारा ठरावीक फरक) भरून 'अ‍ॅक्युरेटरिप' चालू करा. सीडी उतरवल्यावर तो इतरांनी काढलेल्या प्रतींशी ताडून सांगतो की तुमची प्रत बिनचूक आहे का. नवी आलेली प्रत्येक सीडी पहिल्याच आठवड्यात अशी उतरवा, म्हणजे दोष असल्यास परत करता येते.

त्याच अहवालात प्रत्येक गाण्यापुढे शिखराची टक्केवारी असते, उदाहरणार्थ ९७.७. हा सगळ्यांत उपयोगी आकडा. दोन वेगळ्या दिसणाऱ्या सीड्यांवर सगळ्या गाण्यांची शिखरं दशांशापर्यंत जुळली, तर मास्टरिंग जवळजवळ नक्की एकच आहे, मग एकीवर 'एसएचएम' लिहिलेलं असो वा नसो. शिखरं ६०-८० च्या घरात विखुरलेली असतील तर बहुधा जुनं, न दाबलेलं रूपांतर. सगळी गाणी १०० वर, किंवा सगळीच ९८.८ सारख्या एका आकड्यावर अडकलेली असतील, तर लिमिटरचा संशय घ्या. संशय मिटवायला 'ऑडॅसिटी' या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये गाणं उघडा आणि ढोलाच्या एका ठोक्यावर इतकं जवळ जा की एकेक नमुना (सेकंदाला ४४,१०० वेळा नोंदलेला बिंदू) दिसेल. माथा सलग अनेक नमुने सपाट असेल तर तो कापलेला आहे.

डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर, मोजणारी 'डीआर' साधनंही वापरा. रॉकच्या जुन्या सीडीला १२ ते १४ आणि त्याच अल्बमच्या जोरकस रिमास्टरला ७-८ असा फरक नेहमी दिसतो. मात्र एलपीवरून काढलेल्या प्रतीचा डीआर सीडीशी ताडू नका. खोबणी कापताना आणि सुईने वाचताना तरंगांचा आकार बदलतो आणि आकडा आपोआप फुगतो. शिवाय जास्त आकडा म्हणजे चांगला आवाज असंही नाही. वाईट टेपवरून काढलेली सीडी डीआर १४ दाखवूनही निर्जीव वाटू शकते.

म्हणून शेवटी ऐकायचंच, पण पातळी सारखी करून. आपला कान जरासा मोठा आवाज नेहमीच 'चांगला' ठरवतो, अर्ध्या डेसिबलचा फरकही फसवतो. दोन्ही फाइलींची सरासरी मोठेपणाची पातळी एकच करा. त्यासाठी ऑडॅसिटीत उणे २३ एलयूएफएस (मोठेपणा मोजायचं एकक) ठेवता येते. मोठी असेल तिला खाली आणायचं, लहानीला वर चढवायचं नाही. मग वीस-तीस सेकंदांचा एकच तुकडा आलटून पालटून ऐका. लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर: झांजेचं विरणं, बासच्या प्रत्येक स्वराची सुरुवात, गायकाचा 'स' टोचतो का, सोलो संपल्यावरची खोली. फरक खरोखर ऐकू येतो की तसं नुसतं वाटतंय, हे 'फूबार २०००' या प्लेयर प्रोग्रॅममधल्या एबीएक्स चाचणीत (नाव न बघता दोनांपैकी कोणती ते ओळखायचं) कळतं. १६ पैकी १२ किंवा जास्त वेळा अचूक ओळखलं तर तो फरक नशिबाचा नसावा. नाही ओळखता आलं तर स्वस्त प्रत ठेवा आणि महागडी विकून टाका.

प्री-एम्फसिस: जुन्या सीड्यांमधला लपलेला सापळा

१९८० च्या दशकातल्या काही सीड्यांवर, विशेषतः जपानी छपाईत, साधारण ३ किलोहर्ट्झच्या वरचा भाग मुद्दाम चढवून लिहिलेला असतो. सगळ्यांत वरच्या टोकाला तो दहा डेसिबलच्या जवळपास जातो. सीडी प्लेयर डिस्कवरची खूण वाचून तेवढंच खाली आणतो. संगणकावर उतरवलेल्या फाइलीत ही खूण राहत नाही, त्यामुळे आवाज कर्कश येतो आणि लोक सीडीला नावं ठेवतात. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या यादीत प्री-एम्फसिसचा रकाना असतो, तिथे 'हो' आहे का बघा. काही डिस्कवर ही खूण अनुक्रमणिकेत नसून फक्त गाण्यासोबतच्या उपसंकेतात असते आणि तो रकाना चुकीचा 'नाही' सांगतो. म्हणून पडताळा असा: तीच सीडी प्लेयरवर ऐका, मग फाइल ऐका. फाइल टोचत असेल तर 'सॉक्स' या प्रोग्रॅममधला डी-एम्फसिस लावून नवी प्रत करा. इक्वलायझरने अंदाजे तार कमी करू नका, वक्र ठरलेला आहे.

बिघाड, धुणं आणि पावसाळा

ब्रिटनमधल्या ब्लॅकबर्न इथे पीडीओच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास छापलेल्या काही सीड्या तांबूस होत जातात. वरच्या लॅकरने कागदी पाकिटांतल्या गंधकापासून धातूचा बचाव केला नाही, हे त्याचं कारण. तांबूसपणा कडेकडून आत सरकतो आणि सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून सगळ्यांत आधी शेवटची गाणी जातात. मॅट्रिक्सवर 'मेड इन यूके बाय पीडीओ' दिसलं तर खरेदीआधी शेवटचं गाणं वाजवून बघा, आणि घेतली तर त्याच दिवशी उतरवून ठेवा. यावर इलाज नाही.

डिस्कची नाजूक बाजू लेबलची आहे. चमकत्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक आहे, लेबलखाली मात्र धातूवर लॅकरचा अगदी पातळ थर. तिथे पेनाने लिहू नका, स्टिकर लावू नका, लावलेला ओढू नका. धुताना डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब आणि मायक्रोफायबरचा कपडा पुरे. पुसायचं ते मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून कधीही नाही. सीडीची दुरुस्ती-यंत्रणा सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग हानी भरून काढते. आडवा ओरखडा तिला झेपतो, पण वाचनाच्या दिशेने गेलेला गोल ओरखडा झेपत नाही. अ‍ॅसिटोन, थिनर आणि पेट्रोल प्लास्टिक पांढरं करतात.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू पावसाळा. डिस्कपेक्षा कागद आधी जातो: गुळगुळीत पुस्तिकांची पानं एकमेकांना चिकटतात, जपानी कव्हरांवर तपकिरी ठिपके येतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, आत आर्द्रतामापक ठेवा, आणि आकडा ५० टक्क्यांच्या आसपास राहील एवढी सिलिका जेलची पाकिटं घाला. रंग बदलला की ती ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरता येतात. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नका. त्यांच्या वाफेने केसचं पॉलिस्टायरिन मऊ पडून चिकट होतं. जुन्या जाड दुहेरी केसमध्ये फोमचा तुकडा असेल तर आजच काढून टाका, तो विरघळून डिस्कला चिकटतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांऐवजी पॉलिप्रॉपिलीनची घ्या. कागदी कव्हरातली सीडी आधी पातळ आतल्या पाकिटात घाला, नाहीतर दर वेळी काढताना घासली जाते. बाहेरच्या पाकिटाची डिंकाची पट्टी झाकणावर नको, पाकिटाच्या अंगावर असावी. झाकणावर असली तर काढताघालताना ती ओबीला चिकटते आणि पट्टी फाडून घेऊन येते.

नोंदवही

एका साध्या तक्त्यात दर सीडीसाठी एवढे रकाने ठेवा: कलाकार, अल्बम, क्रमांक, मॅट्रिक्सची पूर्ण अक्षरं, आयएफपीआय संकेत, देश, मास्टरिंग कोणाचं, मोनो/स्टिरिओ/रीमिक्स, प्रत्येक गाण्याचं शिखर, डीआर, प्री-एम्फसिस आहे की नाही, अ‍ॅक्युरेटरिपचा निकाल, ओबी आणि पुस्तिकेची स्थिती, किंमत, आणि ऐकून झालेलं मत दोन ओळींत. हा तक्ता मोबाइलवर सोबत असू द्या. दुकानात एखादी आवृत्ती समोर आली की आधी मॅट्रिक्स बघा, मग तक्ता. तेच मास्टरिंग घरी असेल तर डिस्क परत ठेवा. मॅट्रिक्स वेगळी असेल तर किंमत विचारा.